सावली पायाशी कडक, डोक्याशी मऊ
फोटो एडिट करताना बेळगावजवळच्या राजहंसगड किल्ल्याच्या फोटोत गिऱ्हाईकाला उभं करायचंय? आधी तटाची सावली कुठं पडलीय ते बघा. माणसाच्या लेयरची (कापून घेतलेल्या चित्राच्या थराची) कॉपी खाली ठेवून काळपट भरा, डिस्टॉर्टनं (कोपरे ओढून आकार वाकवायच्या टूलनं) वरचे कोपरे त्याच दिशेला जमिनीवर लोळवा. लेयरचा मोड मल्टिप्लाय (खालचा फोटो गडद करणारा) ठेवा, ओपॅसिटी म्हणजे दाटपणा तटाच्या सावलीशी जुळेपर्यंत उतरवा. निव्वळ काळा रंग मात्र नको, आकाशाच्या उजेडानं सावलीत निळसर झाक असते.

खरी गोम ब्लरमध्ये, म्हणजे कड पुसट करण्यात. कडक उन्हात सावलीची कड, सावली पाडणाऱ्या भागापासून ती जितकी लांब पडते त्या अंतराच्या साधारण १/१०० इतकी पसरते, म्हणून बुटांपाशी धारदार ठेवा, डोक्याकडं मऊ. शहापुरातल्या एका फ्लेक्सवर मी सगळीकडं सारखाच ब्लर मारलेला. वाढदिवसाचे भाऊ चौकात आठवडाभर हवेत तरंगत होते!