कॉपीराइटची नोटीस आली? या चुका टाळा

डीएमसीए, म्हणजे अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याखालच्या नोटिशीचा मेल दिसला की ऐरोली-महाप्यातल्या सॉफ्टवेअर टीममधलं कोणीतरी घाबरून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरची अख्खी रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाच्या कोडचं भांडार, डिलीट करतं. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. कोड चार लॅपटॉपवर असतो, तो परत चढवता येईल. इश्यू (नोंदवलेल्या अडचणी) आणि पुल रिक्वेस्ट (सुचवलेले बदल) यांवरची चर्चा जशीच्या तशी मिळेल याचा भरवसा नाही.

आधी नोटीस वाचा. तक्रार एखाद-दुसऱ्या फाइलीपुरती असेल तर गिटहब बदलासाठी साधारण एक कामकाजाचा दिवस देतं. इथे दुसरी गफलत होते. नवीन कमिट (बदलाची नोंद) करून फाइल उडवली तरी जुन्या हिस्ट्रीत ती तशीच पडून असते. गिट फिल्टर-रेपो या टूलने ती हिस्ट्रीतून काढा, फोर्स पुश करा (म्हणजे गिटहबवरच्या जुन्या हिस्ट्रीच्या जागी नवी चढवा) आणि बदल केल्याचं गिटहबला कळवा. गप्प बसलात तर रिपॉझिटरी बंद होते. काही वेळा भानगड एवढीच असते की एमआयटी परवान्याचा (कॉपीराइटची ओळ ठेवून मोकळेपणाने वापरू देणारा) कोड उचलताना कुणीतरी वरची कॉपीराइटची ओळ पुसलेली असते. ती परत लावा, तक्रारदाराशी सरळ बोला.

काउंटर नोटीस, म्हणजे तक्रार चुकीची असल्याचं तुमचं औपचारिक उत्तर, रागाच्या भरात पाठवू नका. तिच्यात शपथेवर विधान असतं, अमेरिकी कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य करावं लागतं आणि तुमचं नाव-पत्ता समोरच्याकडे जातं. इथे ठाणे शहरात बसून सही करण्याआधी वकिलाला दाखवाच. समोरच्याने दावा लावला नाही, तर 10 ते 14 कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत येतो.

शिवाय प्रत्येक नोटीस नक्कल केल्याचीच असते असं नाही. ऑक्टोबर 2020मध्ये आरआयएए या अमेरिकी संगीत कंपन्यांच्या संघटनेने यूट्यूब-डीएल हे व्हिडिओ डाउनलोड करायचं टूल गिटहबवरून उतरवायला लावलं ते डिजिटल संरक्षण फोडण्याच्या, म्हणजे अमेरिकी कायद्याच्या कलम 1201च्या मुद्द्यावर. कोड तपासायच्या टेस्टमधल्या गाण्यांच्या लिंकांवरही बोट ठेवलं होतं. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने तांत्रिक खुलासा दिल्यावर नोव्हेंबरमध्ये प्रकल्प परत आला. टेस्टसाठी स्वतःचे व्हिडिओ वापरा, उगाच आयतं कोलीत कशाला द्यायचं?

महाप्यात सर्व्हरचा रॅक घेऊन तुम्हीच इतरांना होस्टिंग देत असाल तर घड्याळ वेगळं. आपल्या 2013च्या कॉपीराइट नियमांतला नियम 75 सांगतो की लेखी तक्रार आल्यापासून 36 तासांत मजकूर बंद करायचा. तक्रारदाराने 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा चालू करता येतो. 36 तास सगळे पाळतात, 21 दिवस विसरतात आणि ग्राहकाचं पान महिनोन् महिने बंद राहतं. तक्रार येताच बाविसाव्या दिवसाची आठवण लावून टाका. तक्रारीत नेमकी लिंक, मालकीचा तपशील आणि दावा लावण्याची हमी लागते. यातलं काही नसेल तर तसं लेखी कळवा आणि तो मेल जपून ठेवा.