पॉटबेली डुक्कर घरी आणण्यापूर्वी: पुण्यातल्या घरासाठी तयारीची यादी

पॉटबेली जातीचे डुक्कर घरी पाळायचे मनात असेल, तर पिल्लू पाहायला जाण्याआधी वजनकाट्याचा विचार करावा, कारण पिल्लू एकदा मांडीवर बसले की पुढचे प्रश्न कोणी विचारत नाही. मूळची व्हिएतनामची ही जात 1980 च्या दशकात कॅनडात आणि तिथून अमेरिकेत गेली, आणि शेतावरच्या अडीच-तीनशे किलोंच्या डुकरांपुढे लहान दिसते म्हणून तिला 'मिनी' हे विशेषण चिकटले. पूर्ण वाढलेले जनावर साधारण 45 ते 70 किलोंचे, क्वचित त्याहून जड असते, आणि ही वाढ पूर्ण व्हायला तीन ते पाच वर्षे लागतात. 'टीकप' म्हणजे कायम चिमुकलीच राहणारी अशी वेगळी जात नाही. विकणारा पिल्लाचे आईबाप दाखवून 'एवढीच राहतात' असे सांगेल. परंतु डुकरे काही महिन्यांतच वयात येत असल्यामुळे ते आईबाप स्वतःच अजून वाढीच्या वयात असू शकतात. दिवसाला मूठभरच खाऊ घाला, म्हणजे वाढणार नाही, असा सल्ला मिळाला तर तो उपासमारीचा सल्ला आहे हे ओळखून तिथून निघावे. नीट सांभाळलेले डुक्कर पंधरा वर्षे सहज जगते. आठवीतल्या मुलीच्या हट्टासाठी आणलेले जनावर ती नोकरीसाठी बंगळूरूला गेल्यावर आईवडिलांच्या वाट्याला येते, म्हणून होकार आईवडिलांचाही हवा.

त्यानंतर कागदपत्रे. महापालिकेच्या हद्दीत डुक्कर पाळण्यासाठी आयुक्तांची लेखी परवानगी लागते, तेव्हा अर्ज करून पोच घ्यावी आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबावे. तोंडी 'चालेल' याला तक्रार आल्यावर काही किंमत राहत नाही. सूस, बावधन बुद्रुक किंवा वाघोली ही तर गावे, असे समजून चालू नये, कारण 2021 मध्ये समाविष्ट झालेल्या 23 गावांत तीही आहेत. सोसायटीत राहत असल्यास तिचेही पत्र घ्यावे. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही असे सांगणारे लोक भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या ज्या 2015 च्या परिपत्रकाचा हवाला देतात, ते कुत्र्यांविषयीचे आहे; त्याच्या भरवशावर भांडायला उभे राहू नये. विक्रेत्याकडे नोंदणीचे प्रमाणपत्र मागावे, आणि पिल्लू 'इम्पोर्टेड' आहे असे तो म्हणत असेल तर आयातीचे कागद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मुळशी किंवा पानशेतकडे सापडलेले, अंगावर फिकट पट्टे असलेले पिल्लू कोणी देऊ केले तर ते रानडुकराचे आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते पकडणे व पाळणे हा गुन्हा आहे.

जागेबाबत माझे मत स्पष्ट आहे: फ्लॅटमध्ये हे जनावर आणू नये. डुकराचा दिवस नाकाने जमीन उकरण्यात जातो. तो त्याचा खोडकरपणा नसून स्वभाव आहे, आणि माती मिळाली नाही तर ते गादी, सोफा, फरशीचा सैल कोपरा उकरते. गुळगुळीत टाइल्सवर खूर घसरून पाय फाकतात आणि सांधे कायमचे दुखावतात. जिने चढणे-उतरणेही त्याच्या बांध्याला झेपत नाही, आणि लिफ्ट बंद पडली तर साठ किलोंचे जनावर उचलून कोण नेणार? त्यामुळे तळमजल्यावरचे घर, भोवती कुंपण घातलेले अंगण, आतल्या वावराच्या वाटेवर रबरी मॅट किंवा जुन्या सतरंज्या, आणि पायऱ्यांऐवजी उतार एवढी सोय आधी पूर्ण करावी. कुंपण तळाशी भक्कम हवे, कारण डुक्कर उडी मारत नाही, खालून नाक घालून उचलते. स्वयंपाकघरातील खालची कपाटे, फ्रिज आणि तांदळाचा डबा यांना कडी लावावी. एकदा दार उघडायला शिकलेले डुक्कर ते विसरत नाही.

पुण्याच्या हवेसाठी वेगळी तयारी लागते. डुकराला घामाचा उपयोग जवळजवळ होत नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो तेव्हा सावली आणि लोळण्यापुरते पाणी किंवा चिखल यांवाचून त्याला उष्माघात होऊ शकतो. फिकट कातडीच्या जनावराला ऊनही भाजते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे मात्र त्याला जाड अंथरूण आणि आत शिरण्याजोगी एखादी जुनी घोंगडी हवी. पिण्याचे पाणी चोवीस तास असलेच पाहिजे, आणि यात कसर करू नये, कारण पाणी तुटले की डुकराच्या शरीरात मिठाची विषबाधा होते, मेंदूला सूज येते आणि झटके येऊन जनावर दगावू शकते. गुरुवारच्या पाणीकपातीत आपण पिंपे भरून ठेवतो, त्यांत त्याचेही एक पिंप धरावे. चिवडा, फरसाण, पापड, लोणचे त्याच्यापासून दूर ठेवण्याचे कारणही हेच मीठ.

एरवीचा आहार मोजून, दोन वेळांत विभागून द्यावा. वराहपालनासाठी मिळणारे खाद्य जनावर झपाट्याने पुष्ट करून विकण्यासाठी बनवलेले असते, त्यामुळे नुसत्या त्यावर पॉटबेली लठ्ठ होते, डोळ्यांवर चरबीच्या वळ्या येऊन तिला दिसेनासे होते आणि पाय वजन पेलत नाहीत. पालेभाज्या, काकडी, दुधी, गवत भरपूर; फळे बक्षिसापुरती; चॉकलेट आणि ॲव्होकाडो अजिबात नाही. पाहुण्यांना त्याला काही भरवू न देण्याची शिस्त घरच्यांनीच पाळायची असते, आणि खरे सांगायचे तर घरात आजी असेल तर ती शिस्त टिकत नाही.

हॉटेलातले किंवा मांस असलेले खरकटे कधीही घालू नये, कारण आफ्रिकन स्वाइन फिव्हरचा विषाणू त्या मार्गानेही पसरतो. हा रोग भारतात 2020 मध्ये ईशान्येत प्रथम आढळला; माणसाला तो होत नाही, परंतु प्रादुर्भाव झाल्यास बाधित ठिकाणाभोवतीच्या एक किलोमीटर परिसरातील डुकरे मारली जातात, ही गोष्ट मुलांना समजेल अशा शब्दांत आधीच सांगून ठेवावी. शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न स्वाइन फ्लूचा असेल, आणि 2009 मध्ये त्या साथीतला देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला असल्याने तो हसण्यावारी नेऊ नये. ती साथ माणसाकडून माणसाकडे पसरली. तरी फ्लूचा संसर्ग माणूस आणि डुक्कर यांच्यात दोन्ही बाजूंनी होऊ शकतो, म्हणून घरात कोणाला ताप-खोकला असताना जनावराची देखभाल दुसऱ्याने करावी. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकराच्या शरीरात वाढतो आणि डासांमार्फत माणसापर्यंत येतो, तेव्हा लोळण्याच्या डबक्यातले पाणी रोज बदलणे आणि गोठ्याला जाळी लावणे हे आपल्याइतकेच शेजाऱ्यांसाठीही आहे.

डॉक्टर आधी ठरवावा. कुत्र्या-मांजरांचा दवाखाना कोपऱ्यावर असतो, पण डुकराला भूल देण्याचा अनुभव असलेला पशुवैद्य शोधावा लागतो. औंधच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी, आणि शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सातारा रस्त्याने पन्नासेक किलोमीटरवर आहे हेही लक्षात ठेवावे. क्लासिकल स्वाइन फिव्हरची लस (हा आफ्रिकन स्वाइन फिव्हरहून वेगळा रोग), जंतनाशक, खरजेवरचा उपचार आणि खुरांची छाटणी यांचे वेळापत्रक त्याच्याकडूनच लिहून घ्यावे. नर लहानपणीच खच्ची करून घ्यावा, नाहीतर उग्र वास, आक्रमकपणा आणि वाढते सुळे यांमुळे तो घरात ठेवण्याजोगा राहत नाही. मादी दर 21 दिवसांनी माजावर येते आणि तेव्हा चिडखोर होते. शिवाय उतारवयात गर्भाशयाच्या गाठींचा धोका असतो, म्हणून तिचीही शस्त्रक्रिया वेळेत करावी.

पिल्लू आठ आठवड्यांचे होण्याआधी आईपासून तोडू नये. डुक्कर कळपाचे जनावर आहे, एकटे ठेवल्यास ते घरातल्या माणसांनाच कळप मानते आणि वर्ष-दीड वर्षाचे झाल्यावर पाहुण्यांवर मुसंडी मारून आपली जागा ठरवू पाहते. जागा असेल तर दोन आणावीत. घरात कुत्रा असल्यास दोघांना एकटे सोडू नये. शेवटी राहतो गाडीतून ने-आण करण्याचा पिंजरा: आणल्याच्या पहिल्या आठवड्यापासून पिल्लाला रोज त्यातच खायला घालावे आणि गाडीला लावलेल्या फळीवरून स्वतः चढायला शिकवावे, कारण पुढे आजारपणात त्याला ओढून गाडीत घालू गेल्यास ते शंभर डेसिबलच्या वर किंचाळते आणि अख्ख्या गल्लीच्या खिडक्या उघडतात.