मिंग सैन्याच्या फिगर्स कशा जमवाव्यात

फिगर्स म्हणजे टेबलावर मांडून लढाया खेळायच्या छोट्या सैनिक-मूर्ती, आणि मिंग ही चीनमधली चिंगच्या आधीची राजवट. नुसतं ‘चिनी सैन्य’ म्हणून शोधलंत तर हमखास बॉक्सर बंडाच्या (१९०० च्या सुमाराच्या) वेळचे शिपाई समोर येतात, कपाळावरचे केस तासलेले आणि पाठीवर वेणी सोडलेले. ही वेणी चिंग राजवटीची, म्हणजे १६४४ नंतरची. मिंग शिपायाच्या डोक्यावर केसांचा बुचडा आणि त्यावर टोपी किंवा शिरस्त्राण असतं. म्हणून शोध राजवंशाच्या नावाने घ्या, मोहिमेच्या नावाने घेतलात तर आणखी बरं. इथे १५९२–९८ चं, जपानी फौजांविरुद्धचं कोरियातलं युद्ध धरलं आहे. इंग्रजी कॅटलॉगमध्ये ते ‘इम्जिन’ या नावाखाली सापडतं.

आधी फौज उत्तरेची की दक्षिणेची ते ठरवा. उत्तरेकडे भर घोडदळावर, दक्षिणेकडे पायदळावर. मिंग सेनापती ली रूसोंगने १५९३ च्या सुरुवातीला प्याँगयांग घेतलं तेव्हा दक्षिणेचं पायदळ त्याच्याबरोबर होतं. पुढे ब्योकजेग्वानला तो बहुतेक घोडदळच घेऊन गेला आणि मार खाऊन परतला. कोणती लढाई खेळायची यावर खरेदीची यादी ठरते.

मग आकडा काढा. डीबीएसारख्या (टेबलावरच्या लढाईच्या खेळाची एक नियमावली) नियमांत सैन्याला १२ बेस, म्हणजे फिगर्स चिकटवायच्या पट्ट्या, लागतात. समजा घोडदळाचे ४ बेस (प्रत्येकी ३ स्वार), हलक्या घोडदळाचे २ (प्रत्येकी २), दाट फळीतल्या पायदळाचे ४ (प्रत्येकी ४), विखुरलेल्या बंदूकवाल्यांचा १ (२ जण) आणि तोफेचा १. म्हणजे १६ स्वार, १८ पायदळ, एक तोफ आणि तिचे गोलंदाज. बेसची रुंदी १५ मिमी उंचीच्या फिगर्सना ४० मिमी, २८ मिमीला ६० मिमी. पहिलंच सैन्य असेल तर १५ मिमी घ्या. खर्च कमी आणि चिनी राजवंशांची निवड जास्त. एसेक्स आणि खुरासान या फिगर्स बनवणाऱ्या कंपन्यांच्या याद्या आधी चाळा.

२८ मिमीत नेमका मिंग शिपाई मिळाला नाही तर कोरियन चिलखती स्वार चालतो, कारण बाहेरून खिळे दिसणारा लांब चिलखती अंगरखा दोघांकडे होता. पेरी बंधूंच्या कंपनीचे कोरियन त्यासाठी पाहा. हलक्या घोडदळाला मंगोल फिगर्स चालतात. घोडे मात्र युरोपियन सरदारांच्या संचातले नकोत. ते थोराड असतात, इथे मध्य आशियाच्या गवताळ मैदानांतलं (स्टेपी) बुटकं तट्टू हवं.

खरी अडचण दक्षिणेच्या तुकडीत येते. मिंग सेनापती छी जिग्वांगने १५५९ साली यिवूमध्ये माणसं भरती केली (हो, आज घाऊक मालासाठी जगभर माहीत असलेलं तेच यिवू). त्याची ‘मँडरिन बदक’ तुकडी १२ जणांची: १ नायक, २ ढालवाले, २ ‘लांडगा-झाडू’वाले, ४ भालेवाले, २ त्रिशूळवाले, १ आचारी. लांडगा-झाडू म्हणजे फांद्या न छाटलेला लांब बांबू. पाकिटात तो नसेल तर घरी करा. १ मिमी जाडीची, ७५–८० मिमी लांब पितळी तार घ्या. जुन्या वायरीतल्या तांब्याच्या बारीक तारेचे तुकडे तिच्या वरच्या अर्ध्या भागाला एकेक पीळ देऊन अडकवा, टोकं तिरकी वर वळवा आणि प्रत्येक पिळावर सुपरग्लूचा थेंब सोडा. सगळे तुकडे एकाच उंचीवर अडकवलेत तर झाडू न दिसता छत्री दिसते. भालेवाल्याच्या मुठीला पिन-व्हाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) आरपार भोक पाडून त्यात ही तार बसवा. मुठीच्या दोन्ही बाजूंनी थोडं थोडं पाडत मध्यावर आलात तर बोटं फुटत नाहीत.

धातूत ओतलेले भालेही याच रीतीने बदला, ते हात लागला की वाकतात. रेझिनच्या थ्रीडी प्रिंटचे वाकत नाहीत, पण तुटतात.

सगळी ऑर्डर एकदम देऊ नका. दोन कंपन्यांचे २८ मिमी क्वचितच सारखे असतात, कारण कोणी माप तळव्यापासून डोळ्यांपर्यंत घेतं, कोणी डोक्याच्या टोकापर्यंत. प्रत्येकाचं एकेक पाकीट मागवून शेजारी उभं करा. उंचीतला मिलिमीटरभर फरक बेस जाड-पातळ करून झाकता येतो. पंजे आणि डोकी लहानमोठी असतील तर तो उपाय चालत नाही, अशा फिगर्स वेगवेगळ्या बेसवर लावा. परदेशातून मागवताना टपालखर्चाबरोबर कस्टम ड्युटीही हिशेबात धरा.