जुने कॉम्प्युटर आरपीजी पहिल्यांदाच खेळताय? मग पहिल्या दोन लेव्हल अशा काढा

नवीन माणसाने जुन्या आरपीजीबद्दल, म्हणजे एखादं पात्र घेऊन ते हळूहळू वाढवत खेळायच्या गेमबद्दल, विचारलं की कोणीतरी हमखास सांगतं, अगदी पहिल्यापासून क्रमाने खेळ, आधी १९८१ चा विझर्ड्री, मग अल्टिमा, मग १९८८ चा पूल ऑफ रेडियन्स. कृपा करून हे करू नका. ते गेम मोठे आहेत, मला मनापासून आवडतात, पण विझर्ड्रीत चौकटीच्या कागदावर स्वतः नकाशा काढत बसावं लागतं आणि ती सवय लागायच्या आधीच माणूस गेम डिलीट करून मोकळा होतो. एक गेम शेवटपर्यंत खेळून झाला की मग मागे जा.

गेम कुठला

बाल्डर्स गेट, पहिला भाग. बायोवेअरचा, १९९८ चा, आणि त्याची आताच्या मशीनवर नीट चालणारी एन्हान्स्ड एडिशन २०१२ मध्ये आली, तीच घ्या. ह्याच इंजिनवर पुढे प्लेनस्केप टॉरमेंट (१९९९) आणि आइसविंड डेल (२०००) झाले, म्हणजे इथे शिकलेलं बरंचसं तिकडेही कामाला येतं. "पहिला भाग संथ आहे, थेट दुसरा घे" असं सांगणारेही भेटतील, त्यांचं ऐकू नका. दुसऱ्या भागात सुरुवातीलाच सातव्या-आठव्या लेव्हलची माणसं आणि ढीगभर स्पेल्स (मंत्र) हातात येतात आणि त्यातलं कुठलं कधी वापरायचं हे नव्या माणसाला कळायला मार्गच नसतो.

कॅरेक्टर

ह्यूमन फायटर, म्हणजे माणूस योद्धा. स्ट्रेंग्थ (ताकद), डेक्स्टेरिटी (चपळाई), कॉन्स्टिट्यूशन (दमखम) तिन्ही १८ किंवा त्याच्या आसपास, शस्त्रांमध्ये लाँगबो आणि एक तलवार. रीरोल मारत (गुणांचे फासे परत परत टाकत) तासभर बसू नका, एका गुणातले पॉइंट काढून दुसऱ्यात टाकता येतात.

सेटिंग

डिफिकल्टी नॉर्मल किंवा ईझी, स्टोरी मोड नको कारण त्यात पार्टी, म्हणजे तुमची टोळी, मरतच नाही आणि मग नियम शिकायचं काही कारणच उरत नाही. ऑटोपॉजमध्ये (गेम आपोआप थांबवायच्या सेटिंगमध्ये) "शत्रू दिसला" आणि "आपल्या माणसाला मार बसला" हे दोन्ही चालू करा.

पहिल्या दोन लेव्हल, जिथे सगळे अडकतात

आता नीट वाचा, कारण गेम सोडून देणारे लोक बहुतेक करून इथेच सोडतात आणि मलाही सगळ्यात जास्त डोकं इथेच लावावं लागलं होतं. गोष्ट जिथे सुरू होते त्या कँडलकीपमधून बाहेर पडलात की तुमच्या फायटरकडे जेमतेम १० ते १४ हिट पॉइंट (किती मार सोसता येईल तो आकडा) असतात, मेजकडे, म्हणजे जादूगाराकडे, ४ ते ६. एखादा लांडगा दोन चाव्यांत खेळ संपवतो. लोक म्हणतात "लोड करून परत ट्राय कर, कधीतरी लागतं", हा सगळ्यात वाईट सल्ला आहे कारण त्यात का मेलो हेच समजत नाही.

का मेलो ते आकड्यात आहे. ह्या गेमखाली डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या टेबलावर फासे टाकून खेळायच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम चालतात आणि त्यात आर्मर क्लास, म्हणजे तुम्हाला घाव बसणं किती अवघड आहे तो आकडा, जितका कमी तितका चांगला. अंगावर काहीच नसेल तर १०, लेदर घातलं तर ८, चेनमेल ५, प्लेटमेल ३, ढालीने अजून एक कमी होतो, आणि डेक्स्टेरिटी १८ असेल तर आणखी ४ कमी होतात. मारणाऱ्याकडे थॅको नावाचा आकडा असतो, तोही कमी असलेलाच बरा. थॅकोमधून समोरच्याचा आर्मर क्लास वजा करा, जो आकडा येईल तेवढा किंवा त्याहून जास्त वीस बाजूंच्या फाशावर पडला तर घाव बसतो. बस, एवढंच गणित आहे, ह्यापेक्षा जास्त आत्ता वाचायची गरज नाही.

आता हे वापरून बघा. शत्रूचा थॅको १९ आहे आणि तुमचा आर्मर क्लास ७, तर त्याला १२ किंवा वर पाहिजे, म्हणजे ४५ टक्के वेळा तुम्हाला लागणार. तोच आर्मर क्लास २ केला तर त्याला १७ लागतो आणि टक्के येतात २० वर. म्हणजे तुम्ही अजून पहिल्याच लेव्हलला आहात, हिट पॉइंट तेवढेच आहेत, तरी मार निम्म्याहून कमी झाला. म्हणून मी ठामपणे सांगते, सुरुवातीचे सगळे पैसे आर्मर, ढाल आणि हेल्मेटवर घालवा, भारी तलवार नंतर बघू. आणि दुसऱ्या बाजूने पण बघा, तुमचा स्वतःचा पहिल्या लेव्हलचा थॅको २० आहे, चांगलं आर्मर घातलेल्या शत्रूवर चारातले तीन वार फुकट जाणारच, त्यात तुमचं काही चुकत नाहीये, वार चुकतायत म्हणून वैतागून शस्त्रं बदलत बसू नका.

पुढचं म्हणजे लांबून मारा. धनुष्याला एका राउंडमध्ये दोन बाण मिळतात, राउंड सहा सेकंदांचा, आणि शत्रू चालत येईपर्यंत अर्धा मेलेला असतो. पार्टीतल्या प्रत्येकाच्या हातात लांबून मारायचं काहीतरी द्या, धनुष्य, गोफण, डार्ट, जे चालेल ते, आणि सगळ्यांनी मिळून एकाच शत्रूवर मारा, तो पडला की पुढचा. जवळ आला की फक्त जाड आर्मरवाला पुढे जाऊन तलवार काढेल, बाकीचे मागेच थांबतील, आणि हे सगळं स्पेसबार दाबून पॉज करून करायचं, पॉज न करता खेळण्यात काही शौर्य नाही, गेम बनवलाच तसा आहे.

मेज पार्टीत आला की त्याला स्लीप (झोपवायचा मंत्र) द्या. फायरबॉल वगैरे पुढच्या गोष्टी, पहिल्या लेव्हलला स्लीपइतकं ताकदीचं काहीच नाही, झोपलेल्या शत्रूवर प्रत्येक वार बसतो. एल्फ बहुतेक वेळा झोपत नाहीत आणि मेलेल्यांवर, म्हणजे सांगाडे वगैरे, ते चालतच नाही, तिथे उगाच वाया घालवू नका.

फ्रेंडली आर्म इनच्या पायऱ्यांवर एक मेज उभा असतो, तो तुमच्यासाठीच आलेला आहे आणि पहिल्यांदा खेळणाऱ्याला तो हमखास मारतो. वर जायच्या आधी सेव्ह करा. इमोएन तुम्हाला सुरुवातीलाच भेटलेली असते, तिच्याकडे मॅजिक मिसाइलची वाँड (जादूची कांडी) आहे, ती ह्याच प्रसंगासाठी राखून ठेवा. तो स्वतःच्या चार-पाच प्रतिमा काढतो, मग बाण त्या प्रतिमांवर वाया जातात, त्याला इलाज नाही, मारत राहा, एकेक प्रतिमा कमी होते. त्यानंतर तो भीतीचा मंत्र टाकतो आणि तुमची माणसं सैरावैरा पळतात, म्हणून सगळ्यांना एका जागी गोळा करून ठेवू नका. त्याचे हात हलायला लागले आणि त्या क्षणी त्याला खराखुरा मार बसला की मंत्र फुकट जातो, हे पुढे प्रत्येक मेजशी लढताना उपयोगी पडणार आहे. तिथले पहारेकरी पण मदतीला येतात, त्यांच्या दिशेने सरका.

आत खालिद आणि जहीरा भेटतील, त्यांना घ्या. मग बेरेगॉस्ट गावात जाऊन लोकांची छोटी कामं करा, झोपायचं इनमध्येच, जंगलात झोपलात तर रात्री हल्ला होऊ शकतो. फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी २,००० एक्सपीरियन्स लागतो, थीफला १,२५० पुरतो. सगळे दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलला पोचेपर्यंत नॅशकेलच्या खाणीकडे वळू नका, गोष्ट कितीही घाई करत असली तरी, खाण कुठे पळून जात नाही.

तिसऱ्या लेव्हलनंतर गेम आपोआप मोकळा होतो, तिथून पुढे कोणाच्या गाइडची गरज नाही.

त्यानंतर काय

प्लेनस्केप टॉरमेंट घेतलात तर वरचं सगळं उलटं करा, विझडम, इंटेलिजन्स, करिष्मा वाढवा, कारण तिथे खरा खेळ संवादात आहे आणि नायक मेला तरी परत उठतो.

फॉलआउट (१९९७) मध्ये लढाई टर्ननुसार चालते, तिथे अजिलिटी १० करा म्हणजे दर टर्नला १० अ‍ॅक्शन पॉइंट मिळतात, आणि स्मॉल गन्स हे कौशल्य टॅग करा, म्हणजे खास म्हणून निवडा. वॉटर चिप (पाणी शुद्ध करायच्या यंत्राचा भाग) शोधायला १५० दिवस असतात तेव्हा नकाशावर उगाच भटकू नका, व्हॉल्टमधून (सुरुवातीच्या भूमिगत आश्रयस्थानातून) निघून आधी शेडी सँड्स गावात थांबा आणि तिथल्या इयानला सोबत घ्या. फक्त त्याच्या हातात मशीनगन देऊ नका, मध्ये तुम्ही उभे असलात तरी तो फैरी झाडतो.