सेंद्रिय जमलं नाही म्हणून मातीविना शेती? आधी या चुका टाळा

सेंद्रिय शेती सुरू केलेला शेतकरी साधारण दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात अडतो. उत्पादन घटलेलं असतं, कीड आटोक्यात नसते आणि बाजारात भाव इतरांइतकाच मिळतो. तेवढ्यात पाइपांमध्ये पाण्यावर वाढलेल्या हिरव्यागार लेट्यूसचा व्हिडिओ मोबाइलवर येतो. मग मला विचारणा होते, ‘माती सोडूनच दिली तर?’

माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. सेंद्रिय शेती फसते ती बऱ्याचदा अन्नद्रव्यांचा हिशोब न मांडल्यामुळे. तो हिशोब न शिकता मातीविना शेतीत उतरलात, तर तिथे नुकसान जास्त होतं आणि फार लवकर होतं. म्हणून आधी सेंद्रियमधल्या चुका बघू, मग पाइपांकडे वळू.

जीवामृताला खत समजणं

ही सगळ्यात मोठी चूक. बागायती गव्हाची नत्राची (नायट्रोजनची) शिफारस हेक्टरी १२० किलो, म्हणजे एकरी ४८ किलो आहे. आता एका एकराच्या जीवामृतात काय असतं ते बघा: १० किलो शेण, १० लिटरपर्यंत गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर माती आणि २०० लिटर पाणी. शेण, गोमूत्र आणि बेसन या तिन्हींमधलं नत्र सढळ हाताने धरलं तरी बेरीज पाव किलोच्या आसपास जाते. हंगामात चार वेळा दिलं तर एक किलो. उरलेले ४७ किलो कुठून येणार?

जीवामृत देऊच नका, असं मी म्हणत नाही. जमिनीत सेंद्रिय पदार्थ भरपूर असतील तर जिवाणूंना चालना मिळायला त्याचा उपयोग होतो. पण जमिनीत काही शिल्लकच नसेल तर जिवाणू मोकळे करणार तरी काय?

शेणखताचाही हिशोब असाच मांडा. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे टनाला ५ किलो. त्यातलं पहिल्या हंगामात पिकाला मिळतं ते जेमतेम एक तृतीयांश. एकरी १० टन टाकलं तरी त्या वर्षी १५-१७ किलोच हाती लागतं. एका जनावरामागे वर्षाला कुजलेलं खत दीड-दोन टन निघतं. दावणीला दोन जनावरं आणि शेत पाच एकर असेल, तर पुढचं गणित तुम्हीच करा.

मग नत्र आणायचं कुठून? मुख्य आधार हिरवळीच्या खताचा आणि कडधान्यांचा. ताग किंवा धैंचा ४५-५० दिवसांनी, फुलोऱ्यात येता-येता गाडला तर एकरी २५ ते ३५ किलो नत्र मिळू शकतं. निंबोळी पेंडीच्या १०० किलोतून सुमारे ५ किलो मिळतं. तूर, हरभरा, सोयाबीन ही पिकं आपलं बरंचसं नत्र हवेतून घेतात, म्हणून सेंद्रियची सुरुवात यांच्यापासून करावी. ‘नेचर’मध्ये २०१२ साली आलेल्या एका अभ्यासात सेंद्रिय उत्पादन पारंपरिकपेक्षा ५ ते ३४ टक्क्यांनी कमी आढळलं होतं. पीक आणि व्यवस्थापन बदलतं तशी ही तफावत बदलते. उसाने किंवा संकरित टोमॅटोने सुरुवात करणारा सगळ्यात अवघड टोकाला हात घालतो.

हा हिशोब देशाच्या पातळीवर चुकला की काय होतं, ते श्रीलंकेने भोगलं. मे २०२१ मध्ये तिथे रासायनिक खतांच्या आयातीवर एकदम बंदी आली आणि नोव्हेंबरमध्ये ती मागे घ्यावी लागली. तोवर भाताचा हंगाम हातचा गेला होता आणि तांदूळ बाहेरून आणावा लागला.

कच्चं शेणखत शेतात ओतणं

मे महिन्यात उकिरड्याच्या कडेचं खत फावड्याने उलटून बघा. ढेकळाखाली पांढरट, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची अळी दिसली तर ती हुमणी असू शकते. असं खत पसरलंत तर ती तुम्ही स्वतःच्या हाताने उसाच्या किंवा भुईमुगाच्या मुळाशी नेऊन सोडता. कच्च्या खताचा दुसरा तोटा लगेच दिसत नाही. न कुजलेला पालापाचोळा, पाचट किंवा भुसकट मातीत गेलं की ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतःसाठी उचलतात. पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांनी पीक पिवळं पडतं आणि शेतकरी म्हणतो, ‘एवढं खत टाकलं तरी पिवळं कसं?’

पिवळेपणा कुठून सुरू झाला ते आधी बघा. खालची जुनी पानं पूर्ण पिवळी असतील तर शक्यतो नत्र कमी आहे. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता बघावी. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचं आहे. तिथे जास्तीचं शेणखत ओतून लगेच काही होत नाही.

स्फुरदाचंही (फॉस्फरसचंही) तसंच. सेंद्रिय म्हणून रॉक फॉस्फेट घेतात, पण ते विरघळायला आम्ल जमीन लागते. कोकणातल्या जांभ्या जमिनीत ते कामाला येतं. सामू (पीएच) आठच्या वर असलेल्या काळ्या जमिनीत बरंचसं तसंच पडून राहतं. आधी माती परीक्षण करा, मग पोती आणा.

फवारणीतल्या चुका

निंबोळी अर्क दुपारी फवारू नका. त्यातला ॲझाडिरॅक्टिन हा कीड रोखणारा घटक उन्हात लवकर विघटन पावतो, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आणि मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण लागोपाठ देऊ नका, मोरचुदातल्या तांब्याने ती बुरशीच मरते. आणि बोर्डो सेंद्रियमध्ये चालतं म्हणून हात सैल सोडू नका. तांबं मातीत साठत जातं. युरोपात त्याच्यावर ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोंची मर्यादा आहे. द्राक्षबागांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता पाइपांकडे

मातीविना शेतीतला, म्हणजे हायड्रोपोनिक्समधला, पहिला गैरसमज असा की ती सेंद्रियची पुढची पायरी आहे. तसं नाही. टाकीत जातं ते कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, मोनोपोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि चिलेटेड लोह. म्हणजे संपूर्ण रासायनिक पोषण. कीटकनाशकाशिवाय पिकवलेला माल असू शकतो आणि तो उत्तमही असू शकतो, पण त्यावर ‘सेंद्रिय’ लिहिणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. आपल्या राष्ट्रीय सेंद्रिय मानकांत कृत्रिम खतांना मुळातच जागा नाही, त्यामुळे असा माल प्रमाणित होत नाही.

काही जण मग टाकीतच जीवामृत ओततात. कृपा करून असं करू नका. मातीत अमोनियाचं नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू कणाकणावर बसलेले असतात. पाइपात तेवढी जागा त्यांना नसते, शिवाय ड्रिपर तुंबतात, पाणी सडतं आणि मुळांना हवा मिळत नाही.

दुसरी चूक खतं मिसळताना होते. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट-फॉस्फेटची खतं तीव्र द्रावणात एकत्र केली की तळाला पांढरा गाळ बसतो. तो गाळ म्हणजे तुमच्या पैशाचं कॅल्शियमच, आता पिकाच्या उपयोगाचं राहिलेलं नाही. म्हणून ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन टाक्या वेगळ्या ठेवा आणि भरपूर पाण्यातच त्यांना एकत्र येऊ द्या.

ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) आणि सामू रोज सकाळी मोजून वहीत लिहा. लेट्यूससाठी ईसी साधारण १.२ ते १.८ (मिलिसिमेन्स प्रति सेंमी) आणि सामू ५.५ ते ६.५. ईसी दिवसेंदिवस चढत असेल तर झाड खतापेक्षा पाणी जास्त पितंय, साधं पाणी वाढवा. ईसी उतरत असेल तर खत द्या. सामू सारखा वर जात असेल तर बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट तपासा. क्षारयुक्त पाण्याच्या पट्ट्यात आरओशिवाय धकत नाही, आणि आरओ बरंच पाणी बाहेर टाकतो. ‘पाण्याची ९० टक्के बचत’ ऐकताना हे पाणी हिशोबात धरलंय का, ते विचारा.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र उष्णतेने होतं. २० अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसात. पाणी तापलं की मुळांची प्राणवायूची गरज वाढते आणि नेमका तेव्हाच तो कमी पडतो. मुळं कुजवणारा पिथियम हा रोगकारक या संधीची वाटच बघत असतो. दुपारी लेट्यूस माना टाकायला लागलं की खत वाढवू नका, एक झाड उचलून मूळ बोटांत धरा. निरोगी मूळ पांढरं आणि कडक असतं. कुजलेल्या मुळाची तपकिरी साल नुसत्या ओढीने निघून येते आणि हातात बारीक दोरा उरतो. अशी झाडं काढून टाका, यंत्रणा रिकामी करून निर्जंतुक करा आणि पाणी २५ अंशांखाली आणायची सोय झाल्याशिवाय पुन्हा लावू नका. टाकी जमिनीत पुरणं आणि पाइपांवर सावली करणं हे चिलरच्या आधीचे, स्वस्तातले उपाय आहेत.

लेट्यूसच्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्या तर लोक टाकीत कॅल्शियम ओततात. ते टाकीत बहुतेक वेळा पुरेसं असतं, हवा खेळती नसल्याने पानाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. पंखा लावा.

वीज गेल्यावर काय, याचं उत्तर काम सुरू करण्याआधी हवं. पाइपातून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहणाऱ्या पद्धतीत मुळांभोवती साठा असा नसतोच. एप्रिलच्या दुपारी पंप तास-दोन तास बंद राहिला तर प्लॉट हातचा जाऊ शकतो. काळी माती एवढा वेळ सहज सांभाळून घेते. लोडशेडिंगच्या भागात कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) पिशव्या किंवा खोल पाण्याची पद्धत त्यातल्या त्यात बरी. कोकोपीट मात्र धुऊन, कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून घ्या. नाहीतर त्यातले सोडियम आणि पोटॅश पहिल्याच महिन्यात त्रास देतात.

आणि पैशाचं? ॲरिझोनातल्या २०१५ च्या एका अभ्यासात नियंत्रित हरितगृहातल्या हायड्रोपोनिक लेट्यूसचं उत्पादन शेतातल्यापेक्षा ११ पट आणि पाणी १३ पट कमी असं गणित निघालं. ऊर्जा मात्र ८२ पट. पहिले दोन आकडे जाहिरातीत दिसतात, तिसरा दिसत नाही. मातीविना पालेभाजी पिकवणाऱ्या, न्यू जर्सीच्या एअरोफार्म्ससारख्या नावाजलेल्या कंपनीलाही २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. ज्वारी, गहू, ऊस, कापूस यांना हे परवडणार नाही. परवडलं तर पालेभाजी, काकडी, रंगीत ढोबळी, चेरी टोमॅटो यांना, तेही शहर जवळ असेल आणि गिऱ्हाईक आधी ठरलेलं असेल तर. ‘माल आम्हीच परत घेऊ’ म्हणणाऱ्याकडून दर, प्रत आणि मुदत करारात लिहून घ्या. त्याच्याकडे माल देणाऱ्या जुन्या शेतकऱ्यांना जाऊन भेटा.

जमीन खारवट किंवा खडकाळ असेल, सूत्रकृमींनी काकडी-टोमॅटो वारंवार बुडत असतील, तर मातीविना शेतीचा विचार जरूर करा. अशा ठिकाणी ती खरोखर पर्याय आहे. फक्त पहिली पन्नास-साठ झाडं कोकोपीटच्या पिशव्यांत लावा, तीही फेब्रुवारीत, म्हणजे तोडा एप्रिल-मेमध्ये येईल. पाण्याचं तापमान, ईसी, सामू, वीज किती तास गेली आणि माल कुणी काय भावाने उचलला, हे सगळं रोजच्या रोज लिहा. पाइपांची ऑर्डर ती वही पूर्ण वाचून झाल्यावर द्या.