माणूस बदलल्यानंतरचा अल्बम : सोलापुरातल्या बँडने तो कसा करावा

बँडमधून गायक किंवा ड्रमर बाहेर पडला की उरलेल्यांना पहिला विचार सुचतो तो हुबेहूब तसाच दुसरा माणूस शोधण्याचा. हा विचार शक्य तितक्या लवकर सोडून द्यावा. सोलापुरात गणवेश शिवण्याचा धंदा मोठा असल्यामुळे इथे हे समजावणे सोपे जाते : एकाच्या मापाने बेतलेला सदरा दुसऱ्याच्या अंगावर चढवून बटणे लावता येतात, पण हात वर केला की तो काखेत ताणतो. जुनी गाणी नव्या माणसाच्या मापाने पुन्हा बेतावी लागतात आणि जी बेतता येत नाहीत ती बाजूला ठेवावी लागतात. आमचा गायक नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याच्या जागी एक गायिका आली, तेव्हा एवढी साधी गोष्ट कळायला आम्हाला सहा महिने लागले. ते सहा महिने दुसऱ्या कोणाचे वाया जाऊ नयेत, म्हणून हे लिहिले आहे.

आधी कागद

जाणाऱ्या माणसाबरोबर, संबंध गोड आहेत तोवर, एकदा वही घेऊन बसावे. कोणत्या गाण्याचे शब्द कोणाचे आणि चाल कोणाची हे गाणेनिहाय लिहून खाली सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्दांचा हक्क गीतकाराकडे, संगीतरचनेचा संगीतकाराकडे आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क ते करण्यासाठी पुढाकार व जबाबदारी घेणाऱ्या निर्मात्याकडे असतो. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना आपापल्या सादरीकरणावर आणखी वेगळे हक्क असतात. ‘बँडचे गाणे’ नावाचा प्रकार कायद्याला ठाऊक नाही. चौघांनी मिळून बसवलेल्या चालीत कोणाचा भाग कुठे संपतो हे वेगळे काढता येत नसेल, तर चौघेही संयुक्त कर्ते ठरतात, आणि मग गेलेल्या माणसाच्या संमतीशिवाय तेच गाणे नव्या आवाजात मुद्रित करणे अडचणीचे होते.

हक्क सोडून द्यायला तो तयार असला, तरी तोंडी ‘घ्या रे, तुमचंच आहे’ याला अर्थ नाही. हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर ते भारतापुरतेच मानले जाते. गाणी जगभर ऐकली जाणार असल्यामुळे ही दुसरी ओळ विसरणे महागात पडू शकते. मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा, वारस किंवा कॉपीराइट सोसायटी वगळता, कोणाच्या नावे करून टाकता येत नाही किंवा सोडूनही देता येत नाही. तेव्हा तसे लिहून घेण्याचा खटाटोप करू नये, आणि खरे सांगायचे तर मैत्रीत तसे मागूही नये.

बँडचे नाव हा वेगळा प्रश्न आहे. १९८० च्या मे महिन्यात गायक इयन कर्टिसचा मृत्यू झाल्यावर जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडच्या उरलेल्या तिघांनी ते नाव ठेवले नाही, ते न्यू ऑर्डर झाले. त्याच वर्षी गायक बॉन स्कॉट वारल्यावर एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन बँडने नाव तेच ठेवून ब्रायन जॉन्सनला गायला उभे केले आणि काही महिन्यांत नवा अल्बम आणला. दोन्ही निर्णय त्यांना लाभले. नाव ठेवायचे ठरले तर ट्रेडमार्कसाठी मनोरंजन सेवांच्या ४१ व्या वर्गात अर्ज करता येतो. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केल्यास एका वर्गाचे शुल्क ४,५०० रुपये आहे. अर्ज कोणाच्या नावाने करायचा यावरून पुढे भांडण होऊ शकते, म्हणून साधा भागीदारी करार आधी करावा.

आमची फजिती याहून क्षुल्लक गोष्टीत झाली. गाणी ज्या वितरकामार्फत (स्पॉटिफायसारख्या सेवांवर गाणी पोचवणाऱ्या कंपनीमार्फत) चढवली होती त्या खात्याचा ईमेल गेलेल्या गायकाचा होता, सांकेतिक शब्द त्यालाही आठवत नव्हता आणि जुनी सिमकार्डे केव्हाच बंद झाली होती. सगळी खाती बँडच्या एका सामाईक ईमेलवर आणून घ्यावीत. वितरक बदलावा लागला, तर प्रत्येक मुद्रणाचा बारा अक्षर-अंकी आयएसआरसी क्रमांक (त्या मुद्रणाची आंतरराष्ट्रीय ओळखखूण) जसाच्या तसा नव्या ठिकाणी द्यावा, म्हणजे ऐकल्याची जुनी मोजणी सहसा टिकते. त्याच गाण्याचे नवे मुद्रण केले, तर त्याला मात्र नवा क्रमांक लागतो.

कोणती गाणी ठेवावीत

जुन्या माणसाच्या आवाजातली अर्धवट मुद्रणे घरोघरी पडलेली असतात आणि त्यांतली दोन तरी नव्या अल्बममध्ये घालावीत असा मोह होतो. तो टाळावा, कारण ऐकणारा नकळत दोन आवाजांची तुलना करत बसतो आणि त्यात नवा आवाज नेहमी हरतो. दिल्लीच्या इंडियन ओशन बँडचे उदाहरण इथे उपयोगी आहे. २००९ च्या डिसेंबरमध्ये त्यांचे असीम चक्रवर्ती वारले. त्यांच्या आवाजातली आधी मुद्रित केलेली गाणी बँडने २०१० मध्ये स्वतंत्र संच म्हणून लोकांना दिली, नव्या मंडळींबरोबरचे काम त्यात मिसळले नाही. असीम गायचेही आणि तबलाही वाजवायचे. ती दोन कामे पुढे दोन वेगळ्या माणसांकडे गेली. गेलेला माणूस नेमकी किती कामे करत होता हे मोजण्याची सवय तिथून घ्यावी. आमचा गायक तालमीच्या वेळा ठरवायचा, सगळ्यांना फोन करायचा आणि ‘आता पुरे’ हेही तोच म्हणायचा. तो गेल्यावर आमच्या तालमी रात्री साडेअकरापर्यंत लांबू लागल्या, तेव्हा हे ध्यानात आले.

उरलेल्या गाण्यांची पट्टी पहिल्याच संध्याकाळी ठरवू नये. एकच गाणे आठवडाभर रोज अर्ध्या-अर्ध्या सुराने खालीवर करून गायला सांगावे, फोनवर मुद्रित करावे आणि आवाज कुठे पातळ होतो, कुठे ओढला जातो हे दुसऱ्या दिवशी ऐकून ठरवावे. पुरुषाच्या आवाजातले, हार्मोनियमवरच्या काळी एकमधले गाणे बाईच्या आवाजात बहुधा काळी चारच्या आसपास स्थिरावते. आमचेही तसेच झाले, आणि त्याबरोबर गिटारच्या सगळ्या खुल्या, म्हणजे बोट न दाबता वाजणाऱ्या, तारा निरुपयोगी झाल्या. त्यावर उपाय असा की गिटार आणि बेस दोन्ही अर्धा सूर उतरवून जुळवावेत आणि बोटांनी पांढरी सहाच्या कॉर्डचे आकार धरावेत. ऐकू येते ती काळी चार, आणि खुल्या तारांचा घुमारा परत मिळतो. एवढे करूनही ज्या गाण्याचा जीव मूळ आवाजाच्या खर्जातच होता, ते गाणे सोडून द्यावे. आम्ही आमचे सर्वांत लोकप्रिय गाणे असेच सोडले. दोन मित्र अजून त्यावरून बोलत नाहीत.

ड्रमर बदलला असेल तर लय तपासावी. जुन्या कार्यक्रमांची मुद्रणे काढून ठिकठिकाणी मिनिटाला किती ठोके पडतात ते मोजावे. बहुतेक बँड ध्रुवपदाला धावतात आणि ती धाव पुष्कळदा गेलेल्या माणसाचा स्वभाव असते. नव्या माणसाला ती नक्कल करायला लावू नये; क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठोक्यांच्या टिकटिकीवर) वाजवायचे असेल तर क्लिकचा वेगही गाण्याच्या भागांनुसार थोडा बदलता ठेवावा.

नवे माणूस आपली भाषाही घेऊन येते. सोलापुरात मराठीच्या शेजारी तेलुगू, कन्नड आणि दखनी नांदतात, आणि आमच्या गायिकेच्या घरी कन्नड बोलतात. एका गाण्याचे शेवटचे कडवे तिने कन्नडमध्ये केले आणि अल्बममधली तीच एक जागा अशी आहे जी जुना बँड करूच शकला नसता. अशी जागा शोधावी, पण दाखवण्यापुरती घालू नये, आणि शब्द घरातल्या एखाद्या आजीकडून तपासून घ्यावेत.

तालीम आणि मुद्रण

सोलापुरात तालमीचे वेळापत्रक पाण्याच्या दिवसावर ठरते. नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्यामुळे त्या वेळी घरातल्या एकाला भांडी-टाक्या भरायला थांबावेच लागते. प्रत्येकाच्या पेठेची पाळी वेगळी असते, ती आधी विचारून घ्यावी. लग्नसराईत तालवाद्ये वाजवणारे आणि साऊंडवाले दोघेही बांधलेले असतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, हवा कोरडी होते, लाकडी गिटारचा पट्टा (फ्रेटबोर्ड) आकसतो आणि त्यावरच्या धातूच्या पट्ट्यांची (फ्रेट्सची) टोके बोटांना टोचू लागतात. गिटार पेटीत, छिद्रे पाडलेल्या डबीत ओला स्पंज ठेवून सांभाळावी, आतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहील असे पाहावे. मुद्रणासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला, कारण मायक्रोफोन चालू असताना पंखा आणि कूलर दोन्ही बंद ठेवावे लागतात. फक्त संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते. त्या दिवसांत गावात शांतता मिळेल अशी अपेक्षा धरू नये.

ड्रम घरी मुद्रित करण्याचा हट्ट धरू नये. त्यासाठी पुण्यातल्या चांगल्या स्टुडिओत एक-दोन दिवस घ्यावेत. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून रात्री परत येता येते, त्यामुळे मुक्कामाचा खर्च वाचतो. बाकीचे सगळे घरी होऊ शकते. खोलीचा घुमार कमी करायला आपल्याकडे चादरींची वाण नाही, पण चादर भिंतीला चिकटवून टांगल्यास फारसा उपयोग होत नाही. ती दुहेरी करून भिंतीपासून वीतभर पुढे टांगावी. तरीही ती वरचे, तीव्र ध्वनीच शोषते. खर्जाचा घुमार तसाच राहतो आणि त्यासाठी कोपऱ्यांत गाद्या उभ्या कराव्या लागतात. मुद्रण २४ बिटवर करावे आणि आवाजाची शिखरे उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नयेत. प्रत्येक संध्याकाळी दोन वेगळ्या ठिकाणी प्रत ठेवावी, त्यांतली एक दुसऱ्याच्या घरी.

यंत्रमागाचा आवाज अल्बममध्ये घालावा असे सोलापुरातल्या प्रत्येक बँडला एकदा तरी वाटते. मालकाची परवानगी घेऊन कारखान्याच्या दारात उभे राहून मुद्रण केले तर तो मिळतोही छान, कारण आत शिरल्यावर फक्त गोंगाट येतो आणि धोट्याची, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या भागाची, ठेच वेगळी ऐकू येत नाही. पण तो आवाज गाण्याच्या लयीला धरून चालला पाहिजे. सुरुवातीला दहा सेकंद लावून सोडून देण्यापुरताच वापरायचा असेल, तर न वापरलेला बरा.

मिक्सिंग, म्हणजे सगळी मुद्रणे एकत्र बसवण्याचे काम, शक्यतो जुना बँड न ऐकलेल्या माणसाकडे द्यावे, म्हणजे नवा आवाज मागे दबत नाही. बहुतेक मोठ्या सेवा गाण्यांची पातळी सारखी करून घेतात. स्पॉटिफायचे प्रमाण उणे १४ लफ्स (ऐकू येणाऱ्या जोराचे एकक) आहे. तेव्हा मास्टर, म्हणजे शेवटची तयार प्रत, कर्णकर्कश करून काही मिळत नाही. अंतिम प्रत रिक्षातल्या स्पीकरवर एकदा ऐकावी. शब्द तिथे कळले तर सगळीकडे कळतात.

लोकांसमोर

माणूस बदलल्याचे दोन-तीन साध्या वाक्यांत, गाणी येण्याआधीच सांगून टाकावे. कारणांचा पाढा वाचू नये. पहिले गाणे नवेच असावे. जुन्या गाण्याची नवी आवृत्ती पहिली आणली तर पुन्हा तुलनेलाच आमंत्रण. वितरकाकडे गाणी तीन-चार आठवडे आधी पोचवावीत, आणि स्पॉटिफायच्या संपादकांना गाणे सुचवायचे असेल तर ते प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी करावे लागते. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएस या, त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचे सदस्यत्व घेऊन गाण्यांची नोंद करावी, ज्यात ठरलेल्या वाट्यानुसार गेलेल्या माणसाचेही नाव असेल. श्रेयनामावलीत नावांचे लेखन सगळीकडे एकसारखे असावे.

प्रकाशनाचा कार्यक्रम हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या बंदिस्त सभागृहात करणे सोयीचे असते. उघड्यावर करायचा असेल तर ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी काढावी आणि रात्री १० च्या आत आवरते घ्यावे. जुनी गाणी तीनच ठेवावीत आणि ती मध्यावर घ्यावीत. मागच्या रांगेतून कोणीतरी जुन्या गायकाच्या नावाने ओरडणारच. त्यावर गिटारवाल्याने विनोद करू नये, पुढचे गाणे सुरू करावे. जुन्या गायकासाठी दोन खुर्च्या राखून ठेवाव्यात आणि तसे त्याला आधी कळवावे, पण आधी विचारल्याशिवाय त्याला रंगमंचावर बोलावू नये. आमचा आला होता. मध्यंतरानंतर तो साऊंडवाल्याच्या शेजारी जाऊन बसला आणि बेस जास्त आहे म्हणून दोनदा निरोप पाठवला. तो खरोखरच जास्त होता.