सुट्या भागांतून टेलिकास्टर: आधी कोरी जोडणी, मग रंग

लिओ फेंडर यांनी १९५० साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमधून जी इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, ती मुळातच सुटे भाग जोडून बनवण्यासाठी आखलेली होती. नेक (गिटारची मान) सरसाने चिकटवलेला नाही, चार स्क्रूंनी आवळलेला. वायरिंग एका पत्र्यावर. ट्रेमोलो (स्वर हलवायचा दांडा) नाही, स्प्रिंगा नाहीत. पुढच्याच वर्षी तिला टेलिकास्टर हे नाव मिळालं. पहिली गिटार जोडायची असेल तर आजही हाच साचा घ्यावा.

खर्चाचा सगळ्यात मोठा वाटा नेकवर टाका. पिकअप (तारांचं कंपन टिपणारी चुंबकी वेटोळी) पुढे कधीही बदलता येतात. वाकडा नेक किंवा वरखाली फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) मात्र संपूर्ण गिटारच बिघडवतात.

विकत घेण्याआधी मापं

बॉडी एकाकडून, नेक दुसऱ्याकडून आणि ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) तिसऱ्याकडून घेतला की घोळ ठरलेला. कारण काही भाग इंचात बनतात आणि काही मिलिमीटरमध्ये. व्हर्नियर हाताशी ठेवा.

स्केल (तारेची वाजणारी लांबी) २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिमी. नेकची टाच साधारण ५६ मिमी रुंद, बॉडीतली खोबण सुमारे १६ मिमी खोल. टेलिकास्टरच्या नेकची टाच सरळ कापलेली असते, स्ट्रॅटोकास्टरची (फेंडरचीच दुसरी गिटार) गोलसर. त्यामुळे स्ट्रॅटचा नेक टेलीच्या खोबणीत बसतो पण कोपऱ्यांत फटी राहतात. उलटं केलं तर बसतच नाही. जुन्या पद्धतीच्या ब्रिजवर दोन टोकांच्या तारांमधलं अंतर सुमारे ५४ मिमी असतं, नव्या सहा सॅडलच्या (सॅडल म्हणजे ब्रिजवरचा तारेचा टेकू) अनेक ब्रिजांवर ५२.५. बॉडीला तारांची भोकं आधीच पाडलेली असतील तर ब्रिज त्या भोकांप्रमाणेच निवडा. ट्यूनरचंही (तार ताणायच्या खुंटीचंही) तेच: जुन्या धाटणीच्या ट्यूनरना सुमारे ८.७ मिमीचं भोक लागतं, आधुनिक बंद ट्यूनरना १० मिमीचं. छोटं भोक रीमरने मोठं करता येतं, मोठं छोटं करायला बुश (भोकात बसवायची नळी) शोधत बसावं लागतं. इंची पॉटचा (आवाज आणि टोन फिरवायच्या कंट्रोलचा) दांडा ६.३५ मिमी, मेट्रिक पॉटचा ६ मिमी. इंची नॉब मेट्रिक दांड्यावर जरा तिरका बसतो, मेट्रिक नॉब इंची दांड्यावर चढतच नाही.

बॉडीसाठी आल्डर किंवा अ‍ॅश हे मूळचं लाकूड. आपल्याकडे सुताराकडून कापून घेणार असाल तर महोगनी किंवा तून चालतं; तून महोगनीच्याच कुळातलं आहे. सागवान जड आणि तेलकट, त्यावर सीलर (रंगाआधीचं अस्तर) नीट धरत नाही. तोच हवा असेल तर सीलरच्या जरा आधी थिनरने पुसून घ्या. लाकूड पुरतं वाळलेलं हवं. ओलं लाकूड रंग झाल्यावर आकसतं आणि खोबणीचे कोपरे तडकतात. बॉडीची जाडी ४४ ते ४५ मिमी ठेवा.

कोरी जोडणी

सगळ्या चुका इथे सापडायला हव्यात. रंग लागल्यानंतर पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे टवका उडण्याची संधी. म्हणून कोऱ्या लाकडावर गिटार पूर्ण जोडायची, तारा चढवायच्या, वाजवायची, मग उसवून रंगवायची.

नेक खोबणीत हाताच्या दाबाने बसला पाहिजे. हातोडी लागत असेल तर कडा घासा, सैल असेल तर लाकडाची पातळ पट्टी चिकटवा. मग नेक क्लॅम्पने धरून ब्रिज नुसता जागेवर ठेवा. नटच्या (नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीच्या) पुढच्या कडेपासून बाराव्या फ्रेटपर्यंत ३२३.९ मिमी भरायला हवेत. तेवढंच अंतर पुढे मोजलं की सर्वांत बारीक तारेच्या सॅडलची जागा मिळते. तिथे सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे सरकवून ठेवा, कारण बाकीच्या तारांना मागेच जायचं असतं, जाड तारेला ३ ते ५ मिमी. सॅडल मधोमध ठेवून ब्रिज ठोकला की जाड तारेला मागची जागा पुरत नाही, आणि हे कळतं ते सगळं संपल्यावर.

आता दोन टोकांच्या ट्यूनरपासून सॅडलपर्यंत दोरा ताणा. शेवटच्या फ्रेटपाशी दोन्ही दोरे फ्रेटबोर्डच्या कडेपासून सारख्याच अंतरावर दिसेपर्यंत नेक बारीक बारीक हलवा, क्लॅम्प आवळा आणि बॉडीच्या भोकांतून नेकवर खुणा करा.

बॉडीतली भोकं ४.५ मिमीची हवीत. स्क्रूचे आटे बॉडीत अजिबात पकडता कामा नयेत. बॉडीतही पकडले तर स्क्रू कितीही आवळा, नेक आणि खोबण यांच्यात फट राहते. नेकमधलं भोक ३.२ मिमीचं, म्हणजे सुताराच्या भाषेत एक सूत. खोली मोजून ड्रिल बिटला टेप गुंडाळा, नाहीतर बिट फ्रेटबोर्डमधून वर येईल. स्क्रूला मेण किंवा साबण चोळा. मेपल कडक असतं. अरुंद भोकात कोरडा स्क्रू घातला की डोकं तुटून दांडा आत राहतो.

तारा चढवल्यावर सॅडल तळाला टेकूनही तारा उंच राहत असतील, तर खोबणीच्या ब्रिजकडच्या टोकाला पाव मिमीची पट्टी द्या. त्यापेक्षा जास्त लागली तर खोबण तिरकी कापलेली आहे. तळच दुरुस्त करा.

रंग

शिसवीच्या फ्रेटबोर्डला लॅकर लागत नाही, अधूनमधून तेलाचा हात पुरतो. मेपलचा नेक मात्र सगळीकडून बंद करावाच लागतो, नाहीतर घामाने काळा पडतो आणि दमट हवेत वाकतो.

घरी करण्यासाठी एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर सोपं: सुतारसामानाच्या दुकानात मिळतं आणि पुढचा थर मागच्यात विरघळून एकजीव होतो. टू-के पीयू (दोन भाग मिसळून लावायचं पॉलियुरेथेन) जास्त टणक, पण त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतं. योग्य सोय नसेल तर ते स्प्रेवाल्याकडूनच करून घ्या. एनसीलाही सेंद्रिय वाफेचे फिल्टर असलेला मास्क, वाहती हवा आणि जवळपास ज्योत किंवा ठिणगी नाही, एवढं पाळावंच लागतं.

पॉलिश पेपर १५०, २२०, ३२० या क्रमाने. २२० नंतर ओल्या फडक्याने पुसून तंतू उभे राहू द्या आणि वाळल्यावर ३२० मारा. अ‍ॅश आणि महोगनीची छिद्रं फिलरने भरा; आल्डरला गरज नाही. सँडिंग सीलरचे दोन-तीन हात, पुन्हा ३२०, मग रंग, मग पारदर्शक लॅकरचे आठ ते दहा पातळ हात, दोन हातांत किमान तास आणि दिवसाला तीनच. जाड हात ओघळतो आणि आत अडकलेला थिनर महिनोन्‌महिने निघत राहतो. नेकच्या खोबणीला मास्किंग टेप लावायला विसरू नका. आत लॅकर साचलं की नेक बसत नाही, दाबून बसवला की कोपऱ्यातून चीर जाते.

कोकणात, मुंबईत किंवा पुण्यात जुलैमध्ये एनसी मारू नये. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि लॅकर दुधाळ होतं. झालंच तर कोरड्या दिवशी रिटार्डर (हळू उडणाऱ्या) थिनरची हलकी फवार मारा, बहुतेक वेळा पांढरेपणा जातो. पावसाळ्यातच करायचं असेल तर तेलाचं फिनिश बघा. अळशीच्या तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेटतात. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा.

शेवटच्या हातानंतर तीन ते चार आठवडे थांबा. नाक जवळ नेल्यावर थिनरचा वास येत असेल तर अजून थांबा. मग साबणाच्या पाण्यात १०००, १५००, २००० आणि शेवटी कंपाउंड. कडांवर पेपर जवळजवळ लावूच नका, लाकूड तिथेच आधी उघडं पडतं.

वायरिंग

दोन २५० के पॉट, तीन जागांचा स्विच, ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (दुसरा आवाज जास्त बुजवतो). पॉटच्या पाठीवर डाग द्यायला ४० ते ६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न घ्या आणि पाठ आधी खरवडा. कमी वॉटचं आयर्न पत्रा तापवत बसतं, तोवर आतला ट्रॅक जळतो. ब्रिजखालून अर्थची वायर पॉटच्या पाठीला आणलीच पाहिजे. ती राहिली तर तारांना हात लावल्यावरही घरघर थांबत नाही.

झाकण लावण्याआधी जॅकमध्ये केबल घालून मल्टिमीटर लावा. व्हॉल्यूम पूर्ण असताना ६ ते ८ किलोओहमच्या आसपास आकडा यावा, शून्यावर शून्य. स्विच मधोमध असताना आवाज पोकळ, बेस गायब असा येत असेल तर पिकअप उलट फेजमध्ये आहेत, म्हणजे एकमेकांचा आवाज खोडतायत. नेक पिकअपच्या वायरी उलटवण्याआधी त्याच्या धातूच्या टोपीचा अर्थ काळ्या वायरपासून तोडून वेगळा जोडा, नाहीतर टोपीच सिग्नलवर जाईल आणि गुणगुण करेल.

तारा लावल्यावर

क्रम मोडू नका: ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई), नट, उंची, मग इंटोनेशन (वरच्या फ्रेट्सवरही सूर जुळवणं). दहाचा (सर्वांत बारीक तार ०.०१० इंच) सेट लावून सुरात आणा. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबल्यावर आठव्या फ्रेटपाशी पाव मिमी फट हवी. कमी असेल तर रॉड सैल करा, जास्त असेल तर आवळा, एका वेळी पाव वळसा. लाकडाच्या आवाजावर वाद घालणाऱ्यांनी नटच्या खाचा तपासाव्यात: दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर जेमतेम कागद जाईल एवढीच जागा उरली पाहिजे. त्याहून उंच असेल तर उघड्या कॉर्ड्स कायम बेसूर.

सतराव्या फ्रेटवर तारेची उंची १.६ मिमी, बोर्डच्या गोलाईचा रेडियस ७.२५ इंच असेल तर २ मिमी, नाहीतर बेंड करताना स्वर मरतो. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तारेला नुसता स्पर्श करून काढलेल्या स्वरापेक्षा) चढा आला तर सॅडल मागे, उतरा आला तर पुढे. तीन सॅडलच्या ब्रिजवर दोन तारांमागे एकच सॅडल असल्याने तडजोड करावीच लागते.

पिकअप शेवटी: शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली २.४ मिमी, बारीक तारेखाली २. जाड तार वरच्या फ्रेट्सवर डगमगत, एका स्वरात दोन स्वर ऐकू येत असतील तर चुंबक तिला ओढतोय. पिकअप खाली घ्या. आठवड्याभराने नेक तारांच्या ताणाला सरावला की आठव्या फ्रेटची फट पुन्हा मोजा.